शेकोटीपाशी बसवलेली

रविवारी सकाळी बाबांचं तोंड धुऊन, त्यांना उशांना टेकवून बसवून बेबीने टीव्हीवरचा खेळ सुरू केला. थोड्याच वेळात पडद्यावर किल्ल्याचं दार धाडकन बंद झालं आणि खेळातली तिची तिन्ही माणसं आत अडकली. दांडगा, पोपटराव आणि काटकी, तिघांच्याही हातापायांत साखळ्या. ज्यांच्या नुसत्या चाहुलीने काल लांडगे शेपूट घालून पळत होते, ते आज भिंतीला टेकून माना खाली घालून बसलेले. पडदा काळा झाला. पुन्हा उजळला तेव्हा रानातला मुक्काम दिसला, शेकोटी, शेकोटीवर भांडं आणि भांड्यात पळी फिरवणारी वैदीण. खेळाचं म्हणणं असं, की आता हिने एकटीने किल्ल्यात शिरायचं आणि तिघांना सोडवायचं. "अगं बाई, ही?" बेबी मोठ्याने म्हणाली. पलंगावरून बाबा हसले. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचं हसू अर्ध्याच तोंडाने येतं, पण येतं तेव्हा खरं येतं.

हा खेळ म्हणजे पत्त्यांचा डाव नव्हे, की बसलो, खेळलो, उठलो. महिनोन्महिने चालणारं प्रकरण आहे ते. भला थोरला मुलूख, त्यात गावं, दलदली, डोंगर, आणि जिथे अजून पाऊल पडलेलं नाही तिथे नकाशावर नुसतं करडं धुकं. बेबीने एवढा मुलूख पालथा घातला, तरी परवा फोनवर भाचा म्हणाला, "आत्या, तू अजून अर्ध्यातच आहेस," तेव्हा तिला वाईट वाटायच्या ऐवजी हायसंच वाटलं होतं. चार सोबती, पण वाटेवर एका वेळी तिघांनीच चालायचं, चौथ्याने मुक्कामावर थांबायचं असा नियम. चालणाऱ्यांची ताकद प्रत्येक लढाईगणिक वाढते, बसणाऱ्याची जिथल्या तिथे राहते. बेबीने वैदिणीला पहिल्याच दिवशी बसवून टाकलं. वैदीण लढत नाही, जखमा बांधते, आणि त्यासाठी गावोगावी सराया होत्याच. सराईत एक झोप काढली की तुटलेला हातसुद्धा बरा. एका झोपेत! बाबांना व्यायाम द्यायला येणारा तो फिजिओथेरपीवाला हे बघता तर धंदा सोडून घरी बसला असता. निघताना वैदीण दर वेळी मान वर करून तेच म्हणायची, "तुम्ही या जाऊन. मी आहे इथे." बेबी ते वाक्य पुरतं होऊच द्यायची नाही, बटण दाबून पुढे.

त्यातून तिने आणखी एक केलं होतं, आणि आज ते अंगाशी आलं. वैदिणीच्या काठीतला निळा खडा काढून तिने पोपटरावाला दिला होता, झगा काटकीला आणि अंगठी दांडग्याला. बसूनच तर असते, तिला काय करायचंय त्याचं? तेव्हा हा हिशेब इतका सरळ वाटला होता की मनात दुसरा विचारही आला नाही. आता वैदीण किल्ल्याच्या वाटेला लागली तर अंगावर साधा पांढरा सदरा आणि हातात नुसतं लाकूड. पहिल्याच वळणावर एका फडतूस पहारेकऱ्याने तिला दोन वारांत आडवी केली. मागे जावं म्हटलं तर मागे काही नव्हतंच. खेळ जतन करताना बेबी नेहमी जुना सेव्ह पुसून त्यावरच नवा करायची. पसारा नको. दातांच्या लॅबमध्ये इतकी वर्षं काढल्यावर ही सवय हाडीमाशी खिळते. कवळी पोहोचती झाली की तिचा प्लास्टरचा साचा फोडून टाकायचा, फळीवर जागा अडवायला ठेवायचा नाही. त्या टापटिपीपायी आज ती अशा जागी येऊन अडकली होती की पुढे जायला जीव नाही आणि परत फिरायला वाट नाही. दुसरा मार्ग एकच, सगळं पुसून पहिल्यापासून खेळायचं. त्या कल्पनेनेच तिला रडू यायला लागलं, आणि शेहेचाळीस वर्षांची बाई खेळापायी रडते याचा तिला रागही आला.

बाबांनी चमच्याने पलंगाच्या लोखंडी कठड्यावर टोला दिला. ठण्. एक टोला म्हणजे थांब, इकडे ये. बाबा बसवर कंडक्टर होते, जन्म दोरी ओढण्यात गेला. सिंगल बेल थांबायची, डबल बेल निघायची. झटक्यानंतर शब्द वाकडे झाले, उजवा हात गेला, पण डाव्या हातात चमचा आला आणि बेलची भाषा परत आली. फक्त सिंगलच. पाणी, ठण्. कूस बदल, ठण्. भांडं हवंय, ठण्. डबल बेलची गरजच कुठे पडणार होती, गाडी कुठे जायचीच नव्हती. बेबी उठली, त्यांना पाणी पाजलं, हनुवटी पुसली. "काय अडलं?" त्यांनी विचारलं. ते तिला "का लं" असं ऐकू यायचं, पण तिला कळायचं. "वैदीण मरतेय सारखी," ती म्हणाली. "त्... तिचा झगा?" बाबा म्हणाले. "काटकीला दिला ना मी." बाबांनी मान हलवली. सुरुवातीला त्यांना ही टीव्हीवरची मालिकाच वाटली होती, रोज दुपारी लागणारी. नावंही त्यांनीच ठेवली. ढालवाला तो दांडगा, जादूगाराची बडबड थांबत नाही म्हणून पोपटराव, तिरंदाज पोरगी ती काटकी. आणि अगदी पहिल्या आठवड्यापासून शेकोटी दिसली की ते विचारायचे, त्या बाईला का नाही नेत? बेबी म्हणायची, तिचं काम नाही पडत बाबा.

झग्याचा विचार करत ती पुन्हा खाली सतरंजीवर येऊन बसली, आणि मनात नसताना तिला आपली स्कूटर आठवली. राखाडी, किक मारताना जरा रुसणारी. लॅबच्या पहिल्या कमाईतून घेतलेली. दादाला लांबच्या हापिसात नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली, बेबी, तुझी लॅब तर चालत जाण्यासारखी आहे. चालत जाण्यासारखी होतीच. त्यात खोटं काय होतं? मग दादाचं लग्न झालं तेव्हा खिडकीची खोली गेली. नवराबायकोला खोली नको का? बेबी हॉलमध्ये दिवाणावर आली, आणि दादा-वहिनी मोठ्या घरात गेल्यावरही दिवाणावरच राहिली, कारण तोवर खोलीत आईचं आजारपण आलं होतं. कोणी हिसकावून नेलं नाही काही. प्रत्येक वेळी कारण होतं, चांगलं होतं, आणि बहुतेक वेळा तिनेच आधी पुढे होऊन म्हटलं होतं, घ्या की, मला कुठे लागतंय. त्याबदली कौतुक मिळायचं. बेबी आहे म्हणून. बेबीसारखी मुलगी शोधून सापडायची नाही. आणि दादाच्या घरातलं जुनं सामान मिळायचं, आधी फ्रिज, मग सोफा, आणि भाच्याला नवं यंत्र आलं तेव्हा हे खेळाचं जुनं, "बाबांना तेवढाच विरंगुळा" म्हणून. बाबांना कसला, खरा विरंगुळा तिला झाला. पाय न दुखता डोंगर चढायचा. पाववाल्याच्या दुकानापुढून जावं तेव्हा त्याने दर वेळी "आजचा पाव कालच्यापेक्षा बरा आहे" म्हणायचं आणि तिने दर वेळी खुशाल खूष व्हायचं. दलदल ओलांडल्यावर अचानक समुद्र दिसला होता त्या दिवशी तिने बटणं सोडून दिली आणि नुसती बघत राहिली, बाबांचा चहा गार होईपर्यंत.

आणि आज रविवार होता. आज मॅडमना सांगायचं होतं. मॅडम म्हणजे लॅबमधल्या जुन्या मॅडम, ज्यांनी तिला पोर्सिलेनचे दात घडवायला शिकवलं. एका दातात किती रंग असतात, हिरडीपाशी पिवळसर, टोकाला जवळजवळ पारदर्शक, हे तिला त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून दाखवलं होतं. पुढे त्या दुसऱ्या शहरात गेल्या, स्वतःची लॅब काढली, आणि बेबीला म्हणाल्या, चल. तेव्हा आई होती. आत्ता नको मॅडम, पुढे बघू. आता त्या थकल्यात आणि लॅब कुणाच्या तरी हाती सोपवायची आहे. "बेबी, मी काही तुला गळ घालत नाही," त्या फोनवर म्हणाल्या, "पण या वेळी नाही म्हणालीस तर मी परत विचारायची नाही. रविवारी सांग. नाहीतर दुसरं कुणी बघते." गेल्या सोमवारपासून कालपर्यंत, सकाळच्या वेळी शेजारणीला बाबांपाशी बसवून, बेबी लॅबमध्ये मेणाच्या दातांवर वाकून बसलेली असताना मनातल्या मनात एकच वाक्य घडवत होती. दादा, मी जायचं म्हणतेय. बाबांना काही दिवस तुमच्याकडे. काही दिवस नव्हे. बाबांना तुमच्याकडे. ते वाक्य घासूनपुसून तयार होतं, फक्त तोंडात बसत नव्हतं. दादा-वहिनी जेवायला येणार होते, दर रविवारी येतात तसे, आणि तोवर हा खेळ तरी मार्गी लागावा, एवढीच तिची इच्छा होती. असल्या इच्छेला काही अर्थ नसतो हे तिला कळत होतं.

वैदीण आणखी कितीदा तरी मेली. दर वेळी तशीच आवाज न करता गुडघ्यावर बसायची, मग कुशीवर कलंडायची. बेबीने झाडपाला खाऊ घालून बघितलं, कोपऱ्यात लपवून बघितलं, वैतागून नुसती बटणं बडवून बघितली. शेवटी हात टेकले. आणि हात टेकलेल्या माणसाला जसं भलतंच काही दिसतं, तशी तिची नजर लढाईच्या पाटीवर अगदी खाली गेली. वार करा. बचाव करा. औषध वापरा. आणि सगळ्यांत खाली, पळा. हा शब्द पहिल्या दिवसापासून तिथे होता. तिने तो कधी दाबला नव्हता, कारण दांडग्याला घेऊन कोण पळतं? तिने दाबला. वैदीण वळली आणि सदरा सावरत, हातातलं लाकूड तसंच धरून अशी काही सुटली, की बाबा पलंगावर खिदळले. पाटी आली, "तुम्ही निसटलात. काहीही मिळालं नाही." बेबीला ते वाक्य फार आवडलं. काहीही मिळालं नाही. ना ताकद, ना शाबासकी, ना कुणी म्हणालं वा गं वा. पण वळण मागे पडलं होतं.

मग ती पळतच गेली. पहारेकरी आला, पळ. कुत्री आली, पळ. एकदा वाट चुकली, एकदा मेली, पुन्हा पळाली. जिन्यावरून जिना. बेबीच्या तळहाताला घाम सुटला होता आणि छातीत धडधडत होतं, लहानपणी सुट्टीत बाबांच्या बसमध्ये व्हायचं तसं. बाबा तिला आपल्या सीटवर बसवायचे आणि सगळे चढले की म्हणायचे, हं, बेबी, दे. ती दोरीला लोंबकळून दोनदा ओढायची, आणि एवढी मोठी गाडी, आत माणसं, पिशव्या, कोंबलेली बोचकी, सगळं घेऊन तिच्या हातासरशी हलायची. दादाला बस लागायची, तो यायचा नाही. जगात आपल्या हाताने काही हलतं हे पहिल्यांदा तिथे कळलं होतं, आणि पुढे कधी विसरलं तेही आता सांगता येणार नाही. "चल, चल," बाबा पलंगावरून म्हणत होते, आणि ते शब्द अगदी स्वच्छ येत होते, तिने चमकून मागे वळून बघितलं इतके.

कोठडीचं दार आलं. आत तिघं बसलेले. पाटी आली, दार उघडायचं? बेबीने लगेच उघडलं नाही. तिने वैदिणीला मागे वळवलं. इतकं पळून आलीच आहेस तर जा की जरा, तिकडे खिडकीतून समुद्र दिसतोय. पण चार पावलांवर वैदीण आपली आपणच थांबली आणि म्हणाली, "मला परत जायला हवं." पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तिथे भिंत नव्हती, दार नव्हतं, पहारेकरीसुद्धा नव्हता. नुसतं तिचं तिलाच ते वाटत होतं. बेबीने झक मारत दार उघडलं. साखळ्या गळून पडल्या, दांडग्याने हात झटकले, पोपटरावाने लगेच भाषण सुरू केलं. काटकीने झगा नीट केला. वैदिणीचा झगा. आभार मानले, नाही असं नाही, वैदीण नसती तर आमचं काय झालं असतं वगैरे. पडदा काळा झाला, उजळला. रान. शेकोटी. भांडं. वैदिणीने पळी उचलली, मान वर केली आणि म्हणाली, "तुम्ही या जाऊन. मी आहे इथे." या वेळी बेबीने बटण दाबलं नाही, त्यामुळे वाक्य पुरतं झालं, आणि त्यानंतर वैदीण हसते हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. समजूतदार, गोड हसू. बेबीच्या अंगावर काटा आला. कारण ते हसू तिच्या ओळखीचं होतं, तिला ते गालांच्या स्नायूंतून ठाऊक होतं. "प्... परत बसवली?" बाबा म्हणाले. चिडले होते ते. "मी नाही बसवली बाबा. आपण होऊन बसली," बेबी म्हणाली, आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दादा आला की घर लगेच भरल्यासारखं होतं. मोठा आवाज, मोठं हसू, माणूस वाईट नाही. "काय बाबा, चकाचक दिसताय!" असं म्हणत त्याने त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि खुर्ची ओढून टेबलाशी बसला. वहिनीने आणलेले डबे उघडले. बेबीने बाबांचं मऊ कालवलेलं ताटलीत घेतलं, त्यांच्या हातातला चमचा घेऊन धुतला आणि पलंगाच्या कडेला बसून भरवायला लागली. टीव्ही चालूच होता. शेकोटी जळत होती, भांड्यात पळी फिरत होती, कुणी बटण दाबेपर्यंत फिरतच राहणार होती. "अजून खेळतेस का तू हे?" दादा हसला. "मजा आहे बुवा तुझी." मग तो कामाचं बोलायला लागला. त्याचं आणि वहिनीचं दोघांचं काही महिने बाहेर जायचं ठरत होतं, पोराकडे, आणि तिथून पुढे फिरायला. "म्हटलं जाऊन यावं. पुढे कुणी बघितलंय. इथली काळजी नाहीच, बेबी आहे." वहिनी म्हणाली, "खरंच हं बेबी, तू आहेस म्हणून आम्ही निश्चिंत असतो." आता. हीच वेळ होती. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. दादा, मी जायचं म्हणतेय. बेबीने तोंड उघडलं, गालांचे स्नायू आपोआप वर गेले, आणि तिने आपलाच आवाज ऐकला, "या की जाऊन. मी आहे ना."

कुणाला काही झालं नाही. दादाने आणखी वाढून घेतलं. वहिनीने पाणी मागितलं. बेबीला वाटलं, आता आयुष्यभर या पलंगाच्या कडेवर बसायचं, आणि आयुष्य संपल्यावरही कुणीतरी म्हणेल, बेबी होती म्हणून. मॅडमचा फोन टेबलावर वाजेल, ती उचलेल, गोड आवाजात नाही म्हणेल. तिला ओरडावंसं वाटत होतं आणि घास तयार होता, म्हणून तिने घास पुढे केला. बाबांनी तोंड उघडलं नाही. त्यांनी डाव्या हाताने तिच्या हातातला चमचा ओढून घेतला, घास चादरीवर सांडला, आणि कठड्यावर टोला दिला. ठण्, ठण्.

"काय हवंय? पाणी?" दादा उठला, पेला घेऊन आला. बाबांनी पेला मनगटाने बाजूला सारला. ठण्, ठण्. "भांडं हवंय का बघ गं," वहिनी म्हणाली. बाबा कुणाकडे बघत नव्हते, फक्त बेबीकडे बघत होते, मधेच टीव्हीकडे, पुन्हा बेबीकडे. ठण्, ठण्. दादाही त्याच कंडक्टरचा मुलगा. पेला हातात धरून तो उभाच राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "गाडी कुठली सोडताय बाबा?" तो म्हणाला, पण गंमत जमली नाही. बाबांनी चमचा बेबीच्या दिशेने केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते नुसतं मायेचं नव्हतं, भीतीचंही होतं. उद्यापासून आपल्याला कोण कूस बदलून देणार याची भीती बेबीला त्यांच्या डोळ्यांत लख्ख दिसली. तरी त्यांनी पुन्हा हात उचलला, पण टोला पडायच्या आधीच चमचा बोटांतून निसटला आणि फरशीवर पडला.

"दादा," बेबी म्हणाली. आवाज घोगरा आला, तिला स्वतःला अनोळखी वाटेल असा. "मी मॅडमकडे जातेय. लॅब सांभाळायला. आज त्यांना हो म्हणून सांगणार आहे." "आणि बाबा?" वहिनीने विचारलं. दादाने बाबांकडे बघितलं, मग बेबीकडे, आणि कितीतरी वर्षांनी तो तिच्याकडे ती नक्की कोण आहे हे आठवत असल्यासारखा बघत होता. बेबीला मान खाली घालावीशी वाटली, हसावंसं वाटलं, राहू दे म्हणावंसं वाटलं. तिने वाकून चमचा उचलला, नळाखाली धुतला, टॉवेलने पुसला, आणि पलंगापाशी येऊन तो दादाच्या हातात दिला. "घास लहान घे," ती म्हणाली. "डाव्या गालाने चावतात ते." ताटलीतलं जेवण अजून अर्धं शिल्लक होतं.